चंदन, चिमूटभर

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, टायरच्या गोदामामागे
आमचं युनिट. सहा बायका, पिंपांच्या दोन रांगा,
डब्यांना झाकण लावायचं एक जुनं यंत्र,
त्याच्या पोटावर अजून कुणाचं तरी परकं नाव.

मालक आमच्या दिवाळ्याचाच, तांडेलांचा जयेंद्र.
सात वर्षं जहाजावर होता, मग स्वीडनच्या किनाऱ्यावर
एका म्हातारीच्या हाताखाली.
येताना आणलं काय? वहीत एक कृती
आणि थंडीची सवय.
मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून मांदेली साफ करतो.

पहिल्या दिवशी त्याने वाचून दाखवलं :
मांदेली करंज्याची, ताजी. मीठ.
साखर.
साखर? चांगुणाने मान वर केली.
दालचिनी, मिरी, लवंग, सुंठ.
आणि चंदन. रक्तचंदन, चिमूटभर.

चांगुणाने हातातली मांदेली खाली ठेवली.
"म्हावऱ्याला चंदन? येरा झायलास का रं?"

तो म्हणाला, तिकडे नाताळात खातात,
बटाट्याच्या काचऱ्यांत, वर साय ओतून.
वर्षभर मुरल्याशिवाय पिंपाला हात लावत नाहीत.
आणि ही दालचिनी, हे लाकूड
त्यांच्या बर्फात उगवलं असेल का, तुम्हीच सांगा.

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

महिनाच झाला होता बापूस जाऊन.
मला भाऊ नाही, म्हणून मीच गेले होते.
स्मशानाबाहेरच्या टपरीवर पुडीत मिळतं चंदन,
पन्नास रुपयांना करंगळीएवढं.
खरं की रंगवलेली बाभूळ, तिथे कोण विचारतो.
छातीवर ठेवलं. इतक्या लाकडात ते एवढंसं.

जन्मभर खाडी केली त्याने. बोय, निवट्या, खरबी.
शेवटी शेवटी जाळं ओढायचा, मासळी नाकाशी धरायचा
आणि परत टाकून द्यायचा.
"ही खारी न्हाय गो, दवाखाना हाय."

त्या दुपारी नवव्या पिंपात
माझी चिमूट जरा मोठी झाली.
वर खडूने लिहिलं, भानजी.
बाकीच्या पिंपांवर तारखा होत्या.
जयेंद्रने पाहिलं. काही विचारलं नाही.
नावाखाली तारीख घातली, बस.

दर पंधरा दिवसांनी पिंप गडगडवायचं,
म्हणजे खालचं वर येतं.
पावसाळाभर येत राहिलं.
दिवाळीत झाकणातून लाल पाणी पाझरलं,
मी फडक्याने पुसलं. नाव पुसलं गेलं,
परत लिहिलं.

आता तो डबा पाम बीचच्या काचेच्या दुकानात
चारशे ऐंशीला मिळतो. चांगुणा म्हणते,
शिकून आलेली मांदेली हाय ती, भाव खानारच.
वर छापलंय, थंडीत ठेवा.
डबा बंद केला तरी आतलं थांबत नाही म्हणे.

वर्षश्राद्धाचं जे करायचं ते सकाळी केलं.
संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर बसले,
नवव्या पिंपातला एक डबा आणि तांदळाची भाकरी घेऊन.
पहिली मांदेली कठड्यावर ठेवली.
मी हात जोडायच्या आत मांजराने नेली.
मेल्याला चव कळली असावी, परत आलं.

दुसरी मी खाल्ली.
आधी गोड, मग खारट, मग देवघर,
मग काहीतरी, ज्याला आमच्यात शब्द नाही.
काटा होता. दाताखाली आला
आणि लागला नाही.

अजून चार होत्या. सगळ्या खाल्ल्या, रडत नाही, भुकेने.
तेल भाकरीने पुसून घेतलं.
झाकणाची कड अंगठ्याला लागली,
जराशीच, पण मीठ झोंबलं चांगलं.

रिकामा डबा खाडीत विसळायला वाकले.
मग नको म्हटलं.
घरी आणून नळाखाली धुतला.